मुलीने बुजवलेला खड्डा

सप्टेंबरमधला दुसरा रविवार, सकाळची वेळ. रक्कम अठराशे रुपये. हजर चौघे: मी, माझी बायको, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली आमची मुलगी आणि माझे थोरले भाऊ, ज्यांना घरात लहानथोर सगळे अण्णाच म्हणतात. अठराशे रुपये मी मुलीच्या कॉलेजात भरले होते, पूर आलेल्या गावातल्या चार दिवसांच्या श्रमदान शिबिरासाठी. बस, जेवण, टोपी आणि टी-शर्ट धरून. मुलगी शिबिराहून परतून तीन आठवडे झाले होते आणि ती अण्णांना मोबाइलवर फोटो दाखवत होती.

गाव मलप्रभेच्या काठचं, हुबळीहून बसने तीन तासांवर. पाणी शिरलं तेव्हा माणसं शाळेतल्या छावणीत जाऊन राहिली होती आणि रिकाम्या घरांतला गाळ काढायचं काम मुलांना दिलं होतं. मुलीच्या गटाच्या वाट्याला तीन घरं आली. प्रत्येक घराचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. तिसऱ्या घराचे तिने मुद्दाम शेवटी ठेवले होते. आधीच्या फोटोत मधल्या खोलीत, भिंतीजवळ, एक चौकोनी खड्डा गढूळ पाण्याने भरलेला. नंतरच्या फोटोत तिथेच सपाट सारवलेली जमीन, तिच्यावर रांगोळी आणि रांगोळीभोवती बारा मुलंमुली अंगठे वर करून.

"घरात दोन वर्षांचं मूल आहे, अण्णा," ती म्हणाली. "पडलं असतं तर? आम्ही पाणी उपसलं, दगड आणि मुरूम भरून धुमसून घेतलं. साठ घमेली तरी असतील. सगळ्यात अवघड काम तेच होतं."

अण्णांचं कोप्पीकर रोडवर साड्यांचं दुकान आहे आणि सगळं आयुष्य त्यांनी विणकरांकडून माल घेण्यात घालवलं आहे. त्यांनी चष्मा लावला, आधीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"बाहेर लाकडं रचलेली होती का गं?"

"होती की. कट्ट्यावर. जळणाची."

"जळणाची नव्हेत. तो माग आहे. पाणी चढतंय म्हटल्यावर सोडवून वर ठेवला असणार. विणकर काठावर बसतो, पाय त्या खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पट्ट्या पायांनी दाबून माग चालवतो." त्यांनी मोबाइल परत दिला. "त्याचं दुकान बुजवलंत तुम्ही."

मग अण्णा माझ्याकडे वळले. "अठराशे भरून खड्डा बुजवून घेतलास होय? महापालिकेत भरले असतेस तर निदान आपल्या दारातला तरी बुजला असता."

बायको हसली, मीही हसलो. मुलगी हसली नाही. "तो माणूस शेवटच्या दिवशी आला होता घर बघायला," ती म्हणाली. "'छलो माडीरि' म्हणाला. छान केलंत म्हणाला. त्याच्या बायकोने आम्हाला चहा दिला."

"मग काय म्हणेल? बारा परकी पोरं रांगोळी काढून उभी."

त्या बाईचा नंबर मुलीकडे होता, फोटो पाठवण्यासाठी घेतलेला. दुपारी तिने फोन लावला. मी शेजारी बसलो होतो. बाई रागावली असती तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं. ती आधी मुलीच्या तळहाताचे फोड बरे झाले का ते विचारत राहिली. मग हळूहळू कळलं ते असं. मुलं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला माणूस आला. माग कुठे, असं त्याने विचारलं. कट्ट्यावर लाकडं आणि घरात सारवलेली जमीन. त्याने 'माग नाही' असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेला. घराच्या नुकसानीचे पैसे आले, मागाचे आले नाहीत. सूत ओवायची मागाची फणी कुजली होती, सूत गेलं होतं. नवं घ्यायला पैसे नाहीत म्हणून नवरा बांधकामावर गेला होता. कुठे? हुबळीला. उणकलच्या तळ्याजवळ मोठी इमारत चालली आहे तिथे.

आम्ही उणकललाच राहतो. त्या इमारतीचे मजले आमच्या गच्चीवरून दिसतात.

सोमवारी काम सुटायच्या वेळी आम्ही दोघं गेलो. माझ्याच वयाचा माणूस, हातापायांवर सिमेंट. मुलीला त्याने लगेच ओळखलं. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं. "ये तंगी," तो म्हणाला, म्हणजे धाकटी बहीण, आणि तिला बसायला उलटी बादली दिली.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"चार दिवस गाळ उपसत होतात. तुमच्यातली एक पोर उन्हाने चक्कर येऊन पडली होती. काय सांगू?"

"मूल पडेल असं वाटलं आम्हाला."

"त्याच खड्ड्याशेजारी माझा बाप रांगला, मी रांगलो, माझी पोरं रांगली. आजवर त्यात पडला तो एक पूरच." तो हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, हिला रडू नको म्हणावं. इथे लोक बघतात, मुकादम मलाच विचारेल."

खड्डा तोच का उकरत नाही, असं मी विचारलं. उकरून उपयोग काय, त्याने विचारलं. पैशांशिवाय माग उभा राहत नाही आणि पैसे येईपर्यंत इथली हजेरी बुडवणं परवडत नाही. बोलण्यात तक्रार नव्हती.

मंगळवारी मी शिबिराच्या प्रमुख प्राध्यापकांना भेटलो. माणूस वाईट नाही. चारही दिवस मुलांबरोबर चिखलात उभा होता. माझं म्हणणं सरळ होतं: ज्यांनी बुजवला त्यांनी उकरावा आणि पंचनामा दुरुस्त व्हावा म्हणून कॉलेजने एक पत्र द्यावं. त्यांनी कपाळ चोळलं. "अहवाल वर गेलाय, सर. त्यात हेच घर आदर्श काम म्हणून दाखवलंय. आणि मुलं खचतील हो. पुढच्या वर्षी कुणी येणार नाही."

"माझी खचलीच आहे," मी म्हणालो.

"तिला समजवा. हेतू चांगला होता."

हे मी तिला सांगितलं नाही. तिचं जे चाललं होतं ते हेतूने सुटणारं नव्हतं. घरात ती प्रत्येक गोष्टीला विचारू लागली. ओट्यावरचं पातेलं उचलू का, दारातल्या चपला बाजूला करू का, हा कागद टाकायचा आहे ना. एकदा बायकोच्या हातातून दुधाचं भांडं कललं, तर ही जवळ असून हात पुढे करायच्या आधी थांबली. दूध सांडलं. "काय भिववून ठेवलंय हिला," बायको म्हणाली. "पाठवायलाच नको होतं."

मीच पाठवलं होतं. तिला कष्टाची सवय व्हावी, दुसऱ्याचं दुःख दिसावं, असं माझ्या मनात होतं. ती परत आली त्या आठवड्यात मी ऑफिसात चारचौघांना तिच्या हातावरचे फोड सांगितले होते. शिबिराने मुलं बदलतात असं ते प्राध्यापक पालकांच्या सभेत म्हणाले होते, आणि ते खरंच झालं. तिचा हात हवेत थांबतो तेव्हा ती शहाणी झाली की अधू झाली, हे मला आजही ठरवता येत नाही.

पंचनामा दुरुस्त व्हावा म्हणून अर्ज तिनेच लिहिला. आमच्या गटाने विणकराच्या गैरहजेरीत मागाचा खड्डा बुजवला, सोबत आधीचा फोटो जोडत आहे. खाली स्वतःचं नाव, कॉलेजचं नाही. गटातल्या अकरा जणांना तिने सही करायला विचारलं. एका मुलाने केली. बाकीच्यांनी काही ना काही कारण सांगितलं, आणि एका मैत्रिणीने तिच्याशी बोलणं सोडलं. तालुक्याच्या कचेरीत टेबलावरच्या माणसाने फोटो बराच वेळ पाहिला, अर्ज ठेवून घेतला आणि खड्डा आता आहे का, असं विचारलं. पुन्हा पाहायला माणूस आला तर त्याला तो दिसायला हवा, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून तो उकरणं आलं. विणकराला विचारलं. तो म्हणाला, जागा मलाच दाखवावी लागेल. कड ढासळली तर माग कधीच नीट बसणार नाही. "पण माझी एका दिवसाची हजेरी बुडेल. ती द्या. बाकी काही नको."

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पहाटेच्या बसने आम्ही चौघे गेलो: तो, मुलगी, सही केलेला तो मुलगा आणि मी. धुमसलेला मुरूम पहारीशिवाय हलत नव्हता. मुलगी प्रत्येक घमेलं भरण्याआधी विणकराच्या तोंडाकडे बघायची, आणि तो नुसती मान हलवायचा. दुपारनंतर जुनी कड लागली, पायांच्या घासण्याने गुळगुळीत झालेली. तो खड्ड्यात उतरला, काठावर बसला, पाय खाली सोडून एकदा हलवले. मग बायकोला म्हणाला, वर फळी टाकून ठेव, पोर आहे घरात.

मुलीने ते ऐकलं. ती बाहेर जाऊन कट्ट्यावर लाकडांशेजारी बसली.

लाकडं तशीच राहिली. फणी नाही, सूत नाही, तर उभं करून काय करायचं. रविवारीही इमारतीवर स्लॅबचं काम होतं, म्हणून तो संध्याकाळी आमच्याच बसने हुबळीला परत आला. वाटेत मुलीने विचारलं, पैसे नाही आले तर? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तर खड्डा आहे की."

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. ती दर पंधरा दिवसांनी कचेरीत फोन करते. इमारत आता सहाव्या मजल्यावर गेली आहे आणि तो अजून तिथेच आहे.

त्या शनिवारी उणकलच्या स्टॉपवर उतरल्यावर मी पाकीट काढलं, पण मुलीने मला थांबवलं. शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन मिळालेले तिचे स्वतःचे पैसे होते. तिने हजार पुढे केले. त्याने दिव्याखाली मोजले आणि दोनशे परत दिले. दिले ते आठशे रुपये, एका दिवसाच्या बुडालेल्या हजेरीचे, विणकराला.