कुत्रा बसला तेव्हा

सरिताच्या वर्ध्याकडे ‘बसला’ हा शब्द ऐकला की माणसं दचकतात. धंदा बसला, भिंत बसली, आवाज बसला. पण कुत्रा बसला म्हणून घर बसतं, हे तिला बहारीनमध्ये कळलं.

नवरा शामराव एसी दुरुस्तीच्या कामावर. बुदैयाला दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि जनाबियाच्या बंगल्यांपासून अमवाजच्या फ्लॅटपर्यंत दिवसभर फिरती. माणूस असा, की चहात साखर विसरली तरी मुकाट्याने पिऊन कप विसळून ठेवणारा. एकदा हायवेवर पोलिसांनी कंपनीची व्हॅन अडवली. कुत्रा आत चढला, हुंगत फिरला आणि शामरावच्या पिशवीपाशी येऊन बसला. शिकवलेला कुत्रा भुंकत नाही. नशेच्या मालाचा वास आला की नुसता बसतो. पिशवीत निघाल्या एसीच्या मळक्या जाळ्या, धुवायला आणलेल्या.

“लोकायच्या घरातला सारा धूर त्या जाळीत जाऊन बसते,” तुरुंगात भेटीला गेलेल्या सरिताला तो काचेपलीकडून सांगत होता. “कोण काय ओढते, मले काय मालूम?”

माल काही सापडला नव्हता. पण तेव्हाच्या नियमाने कुत्र्याचं बसणं हाच पुरावा, म्हणून शामराव आत राहिला. मग नियम बदलला. नुसत्या कुत्र्याच्या बसण्यावरून कुणाला कोंडायचं नाही, हाती माल लागला पाहिजे. शामराव सुटला. वकिलाने हात मिळवला, सरिताने पाटोडीची भाजी केली. दोघांना वाटलं, संपलं.

सुपरवायझर मुझम्मिल दारातच बोलला, आत काही आला नाही.

“शामभाई, केस खलास, मुझे मालूम है. लेकिन विलावाले बोलते हैं, वो आदमी मत भेजो. कुत्ता बैठा था ना?”

“और व्हिसा?” सरिताने विचारलं.

“इंशाल्ला, देखेंगे भाभी.”

हे इंशाल्ला कुठल्या जातीचं, होकाराचं की टाळाटाळीचं, ते इतक्या वर्षांत तिला कळत होतं.

दर शुक्रवारी बुद्धवंदना त्यांच्याच घरी व्हायची. शामराव पंचशील म्हणायचा, बाकीचे मागून म्हणायचे. त्या शुक्रवारी चारच माणसं आली. चार शीलं नीट झाली. पाचवं आलं. “सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी...” नशापाण्यापासून दूर राहण्याचं शील. शामराव एकटाच म्हणत राहिला. मागे कुणाचा आवाज निघाला नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

निघताना त्या चौघांतली भावना चपला घालत म्हणाली, “वहिनी, पुढल्या शुक्रवारी आमच्याकडे ठेवू. तुम्हाला तरी किती त्रास.”

“मले कायचा त्रास?”

“तसं नाही हो. लेकरं असतात सोबत.”

“काहून? लेकरायले कुत्रं चावते का इथं? कायदा बदलला, वाचलं नाही तू?”

“कायदा बदलला वहिनी,” भावना हळूच म्हणाली, “कुत्रा थोडाच बदलला.”

सरिताने दार इतक्या जोरात लावलं की बाबासाहेबांची तसबीर हलली. त्या दिवसापासून ती सगळ्यांशी भांडत सुटली. फोनवर, किराण्याच्या दुकानात, जिन्यात. माझा माणूस सुपारीसुद्धा खात नाही, हे ती विचारलं नाही तरी सांगायची. शामराव म्हणायचा, “राहू दे न वं.”

कुणाच्या तरी ओळखीने त्याला एक दिवसाचं काम मिळालं. अमवाजच्या एका फ्लॅटचे एसी धुवून आला, आंघोळीला गेला. सरिता मशीनमध्ये कपडे टाकत होती. त्याचा शर्ट हातात आला आणि टाकता टाकता नाकाशी गेला. धूळ. घाम. त्याखाली काहीतरी गोडसर. साबण असेल. तिने कॉलर उलटी केली आणि पुन्हा हुंगली. मग बाही. आपण काय करतोय हे ध्यानात आलं तशी ती मशीनला टेकून फरशीवर खाली आली.

बाथरूमच्या दारात शामराव टॉवेल गुंडाळून उभा होता. त्याने तिच्या हातातला शर्ट पाहिला, मग तिला पाहिलं.

“बसली का तूबी?” तो म्हणाला.