मंचरला कुणी आहे का तुमचं?

पिंपळे सौदागरच्या ‘मोरया हाइट्स’मध्ये गेल्या वर्षी अशी बातमी होती की बी विंगमधल्या मधुसूदन चांदोरकरांची नोकरी गेली आणि ते चोरून टॅक्सी चालवतात.

बातमीला पुरावे होते. गाडीची नंबरप्लेट हिरवी. मागच्या सीटवर दर खेपेला नवा माणूस. चांदोरकर स्वतः उतरून त्याला दार उघडून देत, आणि दाराच्या कप्प्यात पाण्याच्या दोन बाटल्या कायम भरलेल्या. गेटवरचा किसन मूळचा मावळातला, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “सायेब लई मेहनत करत्यात. सकाळी इमानतळ, दुपारी राजगुरुनगर. पोटासाठी मानूस काय करंल, सांगता येत न्हाई.” दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनताईंनी तर एकदा दया येऊन सीटवर पन्नासची नोट ठेवून दिली होती. चांदोरकर जिने चढून ती परत करायला गेले. माणूस किती स्वाभिमानी आहे, याचीही मग चर्चा झाली.

खरी गोष्ट अशी. नोकरी शाबूत होती. चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या कॉस्टिंग डिपार्टमेंटमध्ये ते एकोणीस वर्षं होते आणि अजून आहेत. हिरवी पाटी सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना असते. टॅक्सीची असेल तर तिच्यावर अक्षरं पिवळी असतात, यांची पांढरी होती, पण इतकं बारीक कोण वाचतं. आणि बसणाऱ्याकडून ते एक पैसा घेत नव्हते. उलट, बसणारा माणूस आपले किलोमीटरमागे साडेपाच रुपये वाचवतो आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

घरात ते काका आहेत. पण चरित्र लिहायला घेतलं आहे, तर मधुसूदनराव म्हणू.

मधुसूदनरावांचं काम म्हणजे एखाद्या वॉशरमधले अकरा पैसे कमी करणं. ते कमी झाले की ते आठवडाभर खुशीत असतात. अशा माणसाने गाडी घ्यायची म्हणजे शोरूममध्ये जाऊन रंग बघणं नव्हे. एकाच गाडीची दोन रूपं होती, पेट्रोल आणि इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिक चार लाखांनी महाग. मधुसूदनरावांनी हिशोब केला तो असा: पेट्रोलवर किलोमीटरला सात रुपये, घरच्या विजेवर दीड. रोज कंपनीत जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. ऑइल बदलणं नाही, फिल्टर नाही. चार वर्षांत चार लाख परत, आणि पुढे नुसता फायदा.

चार लाख मृदुलाचे होते. मृदुला त्यांची बायको. नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. शिकवण्या डायनिंग टेबलावर चालायच्या. मधुसूदनराव कंपनीतून आले की बूट बाहेर काढायचे, मुलांच्या पाठीमागून चवड्यांवर चालत बेडरूममध्ये जायचे आणि पलंगावर पेपर पसरून जेवायचे. बिल्डिंगखालचा एक गाळा भाड्याने घेऊन क्लास तिथे हलवायचा, म्हणून मृदुलाने ते पैसे बाजूला टाकले होते. नवऱ्याचा हिशोब तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“चार वर्षं थांबते,” ती म्हणाली. “पण दर पाडव्याला सांगायचं, किती परत आले.”

पाडव्याला गाडी दारात आली. मृदुलाचा धाकटा भाऊ सलिल सांगवीला राहतो, त्यानेही त्याच महिन्यात तीच गाडी घेतली, पण पेट्रोलची. तो म्हणाला, “दाजी, चार्जिंग संपलं की फोन करा. दोर घेऊन येतो.” सलिलची मुलगी त्या वेळी आत्याच्या टेबलावर त्रिकोणमितीत अडकली होती. तीच प्रस्तुत लेखिका.

मधुसूदनरावांच्या हिशोबात एक गोष्ट राहून गेली होती. ती म्हणजे, एकोणीस वर्षं ते कंपनीच्या बसने जात होते. फुकट. हे कसं सुटलं असं सलिलने पुढे विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “ट्रान्सपोर्टचा खर्च ॲडमिनच्या खात्यावर पडतो. ते आमच्या हेडमध्ये येत नाही.”

तरी तीन दिवस ते गाडीने गेले. मोशीच्या पुढे ट्रक, कंटेनर आणि मोटारी अशा उभ्या असतात की वाटावं सगळ्यांनी मिळून तिथेच राहायचं ठरवलंय. तिसऱ्या दिवशी कंपनीची बस शेजारी येऊन थांबली. मधुसूदनरावांच्या नेहमीच्या खिडकीला डोकं टेकून स्टोअर्समधले साहेबराव झोपले होते, तोंड उघडं. मधुसूदनरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी अकरा वाजता ते एका कोटेशनवर झोपले. चौथ्या दिवशी ते बसमध्ये चढले, साहेबराव बाजूला सरकले, आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली.

उभी गाडी पैसे वाचवत नाही. मधुसूदनराव संध्याकाळी खाली जाऊन तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि वर यायचे. मृदुला काही विचारत नव्हती, हे जास्त अवघड होतं.

मग एका रविवारी सुमनताई रिक्षाची वाट बघत गेटपाशी उभ्या दिसल्या. मधुसूदनरावांनी विचारलं, कुठे निघालात. सांगवीला, बहिणीकडे.

“सांगवी तर इथंच आहे हो,” मधुसूदनराव खट्टू होऊन म्हणाले. “मंचरला कुणी आहे का तुमचं?”

सुमनताईंनी आठवून पाहिलं. मंचरला त्यांच्या जावेचे आई-वडील होते. त्यांना भेटून बारा वर्षं झाली होती आणि भेटायचं काही कारण नव्हतं. पुढच्या रविवारी दोघं भेटून आले.

तिथून सुरुवात झाली. मधुसूदनराव लोकांना विमानतळावर सोडू लागले, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं त्यांना कुठेतरी जायचं सुचवू लागले. ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या दहाव्याला ते नारायणगावला जाऊन आले आणि तिथे पुढच्या रांगेत बसले. किसनच्या भाचीचा साखरपुडा घोडेगावला होता. किसनने भीत भीत विचारलं, तर हे म्हणाले, येताना जुन्नरवरून येऊ, लांब पडतं. सोसायटीत ज्यांचे नातेवाईक जवळपास राहतात, अशा लोकांना कमीपणा वाटू लागला.

प्रवासात त्यांचं बोलणं एका सुरात चाले. आवाज जरा नाकातून, वाक्याचा शेवट खाली सोडायचा आणि मग आरशातून मागच्या माणसाकडे बघायचं: “आत्ता आपण सिग्नलला उभे आहोत ना... खर्च शून्य.” उतार लागला की, “आता बॅटरी स्वतःच भरतीये... पर किलोमीटर बघा.” पेट्रोल पंप आला की वेग कमी करून रांगेतल्या लोकांकडे ते असे बघत, जसं आपण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्यांकडे बघतो. सोसायटीच्या गणपतीत प्रस्तुत लेखिकेने ही नक्कल केली, तेव्हा मंडपातली माणसं खुर्च्यांवरून घसरली. मधुसूदनराव पहिल्या रांगेत होते. तेही हसले. नंतर जवळ येऊन म्हणाले, छान झालं, फक्त तू किलोमीटरला एक चाळीस म्हणालीस, हल्ली एक पंचेचाळीस पडतं.

असा पाडवा आला. सलिल सहकुटुंब जेवायला आला होता. सलिल येताना दोराबद्दलचे तीन नवे विनोद घेऊन आला होता. श्रीखंड वाढून झालं, आणि मधुसूदनरावांनी घसा साफ करून आकडा सांगितला. वर्षात अठरा हजार किलोमीटर. साडेपाचने गुणले की नव्व्याण्णव हजार. लाखच म्हणा. पहिला हप्ता वेळेवर.

मृदुला पुरी तळत होती. तिने गॅस बारीक केला.

“पेट्रोलची गाडी असती, तर सुमनताईंच्या जावेच्या आई-वडिलांना भेटायला मंचरला गेला असता तुम्ही?”

मधुसूदनरावांनी चमचा खाली ठेवला. खोटं बोलणं हा त्यांचा स्वभाव नाही, आणि कॉस्टिंगमध्ये तर चालतही नाही.

“नसतो गेलो.”

“नारायणगावला?”

“नाही.”

“मग वाचले कसे?”

सलिलने तिन्ही विनोद गिळले. मधुसूदनराव भिंतीकडे बघत होते. जी वस्तू आपण घेणारच नव्हतो ती स्वस्तात मिळाली, म्हणून पैसे वाचले असं म्हणणाऱ्या सप्लायरला त्यांनी आजवर कितीदा ऑफिसातून घालवलं होतं.

“वाचले नाहीत,” ते शेवटी म्हणाले. “विजेचे सत्तावीस हजार गेले. टोल वेगळा. टायर झिजले.”

मृदुलाने पुरी त्यांच्या ताटात वाढली. डायनिंग टेबलाच्या काचेखाली मुलांनी सरकवलेले सूत्रांचे कागद होते, जेवण संपेपर्यंत ते सगळ्यांचे वाचून झाले.

दुसऱ्या दिवशी गाडीवर कव्हर चढलं. सुमनताई चौकशीला आल्या. आळेफाट्याला त्यांना एक लांबचा पुतण्या सापडला होता. मधुसूदनरावांनी दुःखाने नाही म्हटलं. किसनने सगळ्यांना सांगितलं, “बॅटरी गेली वाटतं. सायबांचं तोंड बघवत न्हाई.”

त्या दिवसांत मधुसूदनरावांना बसमध्ये झोप येईना. साहेबरावांनी खिडकी देऊ केली, तीही त्यांनी नुसती बाहेर बघायला घेतली. एका सकाळी मोशीच्या गर्दीत पलीकडच्या रांगेत त्यांना सलिलची गाडी दिसली. सलिलची हायड्रॉलिक पाइपांची स्वतःची एजन्सी आहे. भोसरी, चाकण, तळेगाव, रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातलं. इंजिन चालू, एसी चालू, गाडी जागच्या जागी. सलिल एक हात डोक्याला लावून बसला होता. दोन फूट पुढे सरकायचा, क्लच दाबायचा, तोंड वाकडं करायचा आणि डावा गुडघा चोळायचा.

मधुसूदनराव खिडकीला नाक लावून बघत राहिले. हे सगळे किलोमीटर खरे होते. कुणी सुचवलेले नव्हते, कुणाच्या जावेसाठी नव्हते. रोज होणारच होते, सात रुपयांनी. आणि साडेपाच रुपये वाचवणारी गाडी पिंपळे सौदागरला कव्हरखाली उभी होती. जी पळते ती इलेक्ट्रिक हवी. जी उभी राहते ती स्वस्तातली. एवढं साधं होतं, आणि ते एका वॉशरसाठी आपण पाच मिनिटांत सांगितलं असतं, असं ते साहेबरावांना म्हणाले. साहेबराव झोपले होते.

रविवारी ते सांगवीला गेले. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. एवढंच म्हणाले, की गाडी उभी राहून बॅटरीला चांगलं नाही, महिनाभर तू चालव, तुझी माझ्याकडे ठेव.

“दाजी, मी ती विकत घेईन असं डोक्यात असेल तर काढून टाका,” सलिल म्हणाला.

“विकायचं कुणी काढलंय?” मधुसूदनराव म्हणाले आणि चहा प्यायले.

फाटकापर्यंत सोडायला प्रस्तुत लेखिका गेली. तिथे ते थांबले, मागे बघितलं आणि तोच नाकातला आवाज काढून म्हणाले, “महिन्याच्या आत तुझा बाप स्वतः येऊन मागेल.”

लेखिका हसली. बापाला ती सोळा वर्षं ओळखते. इलेक्ट्रिक गाडी म्हणजे मिक्सरला लावलेली चाकं, हे त्याचं मत तिने इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचीही तिला नक्कल येते. पैज तिथेच ठरली. सलिलने गाडी मागितली नाही, तर मधुसूदनरावांनी दिवाळीपर्यंत ‘पर किलोमीटर’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मागितली, तर लेखिकेने दिवाळीपर्यंत त्यांचा आवाज काढायचा नाही.

पहिल्या आठवड्यात सलिल जेवताना गाडीला नावं ठेवत होता. दुसऱ्या आठवड्यात तो गाडीबद्दल काही बोलेना. तिसऱ्या आठवड्यात, क्लास चालू असताना, तो आत्याच्या दारात उभा राहिला. टेबलाला वळसा घालून चवड्यांवर बेडरूमपाशी गेला. मधुसूदनराव पलंगावर जेवत होते.

“दाजी, हिशोब सांगायचा नाही मला,” सलिल म्हणाला. “क्लच नाही, म्हणून माझा गुडघा थांबलाय. दोन वर्षांनी थांबलाय. काय घ्याल ते बोला.”

टेबलावर सहा मुलं होती. पाच जणांची मान वहीत होती. सहावीने, म्हणजे प्रस्तुत लेखिकेने, कपाळावर हात मारला.

मेव्हणा असल्यामुळे सलिलने भाव पाडला. गाडीला गाडी दिली आणि वर, चार लाखांच्या जागी, पावणेतीन. उरलेले सव्वा लाख कुठल्या हेडमध्ये टाकायचे, यावर मधुसूदनराव दोन रविवार विचार करत होते. मृदुलाने पावणेतीनातून गाळ्याचं डिपॉझिट भरलं आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. पाटी अजून लागायची आहे, पण क्लास खाली गेला. पहिल्या संध्याकाळी मधुसूदनराव बूट काढून चवड्यांवरच आत आले. मग त्यांच्या लक्षात आलं. टेबलाशी बसून त्यांनी दोन्ही हात काचेवर पसरले आणि जेवण वाढायच्या आधी बराच वेळ तसेच बसून राहिले.

पेट्रोलची गाडी आता बी विंगखाली कव्हर घालून उभी असते. सुमनताईंनी पुतण्याचा विषय पुन्हा काढून पाहिला. मधुसूदनराव म्हणाले, आळेफाट्याला एसटी बरी पडेल.

प्रस्तुत लेखिका पैज हरली आहे, आणि शब्दाला जागून दिवाळीपर्यंत ती त्यांचा आवाज काढणार नाही. लिहिण्याबद्दल फाटकापाशी काही बोलणं झालं नव्हतं. ते वेगळ्या हेडमध्ये येतं.