सांध्याखाली कोणता स्लीपर?

लहानुजीभाऊंनी साहेबांच्या नव्या टेबलावर हातोडीने टक् टक् केलं, कान लावला आणि म्हणाले, "साहेब, हे फेल आहे."

साहेबांचा चहा बशीत सांडला. मी दाराशी उभा होतो. भीतीही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं. भीती यासाठी, की त्या दिवशी शनिवार होता आणि त्या टेबलावर माझी नोकरी पणाला लागली होती.

मी देवगडकडचा. सातवी अर्धी सोडली आणि पोटासाठी पार चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आलो. तिथे एका गुंतवणूक एजंटच्या ऑफिसात लागलो. साहेब शेअरही विकत आणि सरकारी रोखेही. शेअर म्हणजे कंपनीतला हिस्सा. तिला नफा झाला तर आपल्याला, ती बुडाली तर आपणही. रोखा म्हणजे बाँड, सरकारला दिलेलं कर्ज. व्याज ठरलेलं, परत मिळायचं वर्षही ठरलेलं. दलाली मात्र शेअरवर जास्त.

लहानुजीभाऊ नुकतेच रेल्वेतून रिटायर झाले होते. रुळांखाली आडवे लाकडी ठोकळे असतात ते स्लीपर. जंगलातल्या डेपोत त्यांच्या थप्प्या लागत. भाऊ एकेकावर हातोडी मारून ऐकायचे. खणखणीत वाजला तो पास, भद्द वाजला तो फेल. तेव्हा रेल्वेवाल्यांना पेन्शन नव्हतं. फंड एकदाच हातात यायचा. तो गेला की म्हातारपण गेलं.

साहेबांनी मला बजावलं होतं, "त्यांचा सगळा फंड शेअरमध्ये. शनिवारपर्यंत सही आण, नाहीतर कोकणचा रस्ता धर." कंपनी नवी होती, प्लायवूड काढणार होती.

मी चार वेळा वरोऱ्याला त्यांच्या घरी गेलो. चारही वेळा पिशवीतून फॉर्म निघायच्या आधी त्यांच्या बायकोने, सीताबाईंनी, ताट वाढलं. गरम भात, लाखोरी डाळीचं वरण. घर सोडल्यापासून मला कोणी 'अजून घे' म्हटलं नव्हतं. चौथ्या वेळी, त्या शनिवारी सकाळी, मी हात धुऊन फॉर्म काढला, तर बाईंनी शांतपणे विचारलं, "बाबू, तुह्या बापाले हेच घ्याले सांगशीन काय?"

मी नाही म्हणालो. तोंडून निघूनच गेलं.

"मंग आमाले काऊन सांगून राह्यला?"

मी सगळं सांगून टाकलं. दलाली, शनिवार, कोकणचा रस्ता, सगळं. आता ताटाचेही पैसे मागतील असं वाटलं. पण भाऊ उठले आणि खुंटीवरची हातोडी काढली.

"चाल. तुह्या साहेबाले ठोकून पाहू."

गाडीत मी सारखा हसत होतो. भीतीने माणूस इतका हसतो हे मला तेव्हा कळलं.

तर टेबल फेल झालं. साहेब चिडले. म्हणाले, ते त्याच कंपनीचं प्लायवूड आहे, नमुना म्हणून भेट आलंय, आतून हलकं असतं म्हणून तसं वाजतं. भाऊंनी मान डोलावली. वाईट आहे असं त्यांचं म्हणणंच नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि साहेबांना रेल्वे शिकवू लागले. दोन रूळ जिथे जुळतात तो सांधा. चाक तिथे आदळतं. म्हणून सांध्याखाली पक्का सागवान.

"माहा सांधा कुठी आहे? पोरीचं लगन, बाईच्या डोयाचं आपरेशन, अन् रोजचा भात. तिथी सरकारचे रोखे टाका. मधात हे शेअरचं एखादं चालते."

सगळे रोखे एकाच सालचे नकोत, असंही ते म्हणाले. एकाच साली टाकलेले स्लीपर एकाच साली सडतात. मग साहेबांनी यादी काढली आणि भाऊंनी दोन, चार, सात अशा वेगवेगळ्या वर्षांनी पैसे परत देणारे रोखे निवडले. उरलेल्या चिमूटभराचे शेअर घेतले.

सह्या झाल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी वळकटी दाराबाहेर बांधूनच ठेवली होती.

भाऊ हातोडी पिशवीत टाकत म्हणाले, "ह्याले चार डाव ठोकून पाह्यलं मी. पास आहे. औंदा माह्यासंगं अजून बारा जण रिटायर झाले. हा असन तर त्याइले इथी धाडतो."

साहेब हिशेबी माणूस. त्यांनी मला दोन चहा आणायला पाठवलं. मी कोपऱ्यापर्यंत गेलो असेन, मागून हाक आली, "तीन आण रे."

चहावाल्यासमोर मी इतका हसलो की त्याने मला आधी पाणी दिलं.

ती कंपनी पाचव्या वर्षी बंद पडली. मान खाली घालून मी वरोऱ्याला गेलो. पहिल्या रोख्यात पोरीचं लग्न झालं होतं. दुसऱ्यात बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक स्लीपर सडला. गाडी थांबली काय?"

बाई ताट वाढायला उठल्या.

पुढे आयुष्यभर मी हाच धंदा केला. शेअर चांगला की रोखा, असं लोक विचारत. मी आधी त्यांचा सांधा विचारायचो. ते टेबल साहेबांनी टाकलं नाही, माझ्या कोपऱ्यात सरकवलं. मी त्याच्याशीच बसून रोखे विकले. ते शेवटपर्यंत भद्दच वाजत होतं.