नालबंदाने नाकारलेले थेंब

२४ ऑक्टोबर १९३६ रोजी 'मध्यप्रांत' या नावाला 'व वऱ्हाड' हे शब्द अधिकृतपणे जोडले गेले. त्या सुमारास मोताळ्याच्या आठवडी बाजारात मात्र चर्चा वेगळ्याच गोष्टीची होती: गुलाम रसूल नालबंद बैलाशेजारी आडवा पडला होता.

कापसाच्या गाड्या मलकापूरच्या वाटेला लागण्याआधी बैलांच्या खुरांना नाल ठोकून घ्यायचे, हा त्या भागाचा रिवाज. बैल पाडायला इतर नालबंदांना चार गडी लागत. गुलाम रसूल एकटाच दोर टाकी, बैल अंगाचा भार एका बाजूला कधी टाकतो याची वाट पाही आणि एका हिसक्यात जनावर कुशीवर घेई. त्या दिवशी कडूबा शेतकऱ्याचा पांढरा बैल त्याने तसाच पाडला, पाय बांधले आणि हातोडी उचलता उचलता गुलामचे काळीज उधळले. आधी धावले, मग अडखळले, मग पुन्हा बेफाम धावले. तो खाली बसला आणि बसल्या जागी कलंडला.

"काय बे गुलाम," कडूबा वाकून म्हणाला, "नाल बैलाले ठोकाचा होता. तू काऊन आडवा झाला?"

गुलामने हसायचा प्रयत्न केला. त्याचे ओठ काळेनिळे दिसत होते. कडूबाने थट्टा तिथेच सोडली आणि तो दुसऱ्याची गाडी मागायला धावला.

हे उधळणे नवे नव्हते. दोनेक वर्षे गुलाम त्याला 'वारा' म्हणत आला होता. वारा सुटला की हरवलेला खिळा शोधण्याच्या निमित्ताने तो मातीत बसे आणि श्वास जुळवून घेई. गिऱ्हाइकांना त्यात काही वावगे दिसले नाही. त्याची बायको चांदबी हिला मात्र संशय आला होता, कारण इतके खिळे हरवूनही खिळ्यांचा डबा कधी रिकामा होत नव्हता. तिने ताईत बांधून पाहिला, हकिमाचा काढा पाजून पाहिला. आता तिने काही ऐकून घेतले नाही.

"बुलढाण्याले चला. सरकारी दवाखान्यात."

"अन बाजार?"

"बाजार तुमच्याबिगर भरते. घर नाई भरत."

बुलढाण्याच्या वाटेवर राजूरच्या घाटात चढ लागला तसे बैलांचा भार हलका करायला गाडीतले सगळे उतरले. एकट्या गुलामला कोणी उतरू दिले नाही. ज्याने आयुष्यभर बैल पाडले त्याला आज बैल ओढून नेत होते. त्याने तोंडावर फडके घेतले ते घाट सरेपर्यंत काढले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीवर नळी लावून ठोके ऐकले आणि त्याच वेळी मनगटही धरून ठेवले. "छातीत पडणारे सगळेच ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत," ते म्हणाले. "हृदय पुरते भरायच्या आतच आकसते आहे. या अर्काने त्याची घाई कमी होईल." पाण्यात मोजून थेंब टाकलेला पेला कंपाउंडरने पुढे केला.

गुलामने पेला तोंडाजवळ नेला आणि तो थांबला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. तरणेपणी तो मोहाची दारू पीत असे. एकदा नशेत त्याने खिळा खुराच्या जित्या मांसात घातला आणि बैल कायमचा लंगडा झाला. त्याच्या आईने, बिस्मिल्लाने, शेवटच्या आजारात त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याला दारू न शिवण्याची शपथ घ्यायला लावली होती. त्याने पेला खाली ठेवला.

"साहेब, याच्यात दारू हाय."

"अगदी थोडी. औषध टिकावे म्हणून. आजारात मुभा असते. तुमच्या मौलवींना विचारा."

"मौलवीसाहेब हो म्हनतीन. माह्यी अम्मा नाई म्हनून गेली."

"अम्माले भेटाची येवढी घाई झाली का?" चांदबी फणकारली.

शेजारच्या खाटांवरचे लोक हसले. गुलाम हसला नाही आणि त्याने पेलाही उचलला नाही. डॉक्टरांनी बाटलीला बूच लावले. हे औषध घेतले नाही तर हा माणूस घाट उतरून कामावर परतणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. चांदबी जागची हलली नाही.

"साहेब, हे बनते कायचं?"

"एका झाडाच्या पानाचे."

"मंग पानच द्या ना. अर्क कायले पाह्यजे?"

डॉक्टर परत फिरले. पानाची पूड मिळते, तिच्या गोळ्याही करतात. पण या दवाखान्यात वर्षानुवर्षे अर्कच येत असल्यामुळे त्यांच्या हाताला त्याचीच सवय होती. "गोळ्या नागपूरहून मागवाव्या लागतील," ते म्हणाले. "तोवर यांनी खाट सोडायची नाही. आणि बाई, हे पान जपून द्यायचे. नाडी फार मंदावली किंवा मळमळू लागले, तर गोळी बंद." त्यांनी तिची बोटे नवऱ्याच्या मनगटावर ठेवली आणि ठोके मोजायला शिकवले.

गोळ्या आल्या. काही दिवसांत गुलामच्या पायांची सूज उतरली, उशीला टेकून न बसता झोप लागू लागली. निरोप देताना डॉक्टरांनी काही लपवले नाही. "ठोके वेडेवाकडेच पडतील. फक्त उधळणार नाहीत."

"चालीचा वाकडा, पन जुवात चालनारा," गुलाम म्हणाला. "असा बैल म्या पाह्यला हाय. अन माह्यं काम?"

"नाल खुशाल ठोका. बैल एकट्याने पाडायचा नाही. दोराला दुसरे माणूस हवे."

ते दुसरे माणूस कोण, हे मोताळ्याला पुढच्याच बाजारी दिसले. चांदबीने पदर खोचला आणि दोराचे टोक हाताला गुंडाळले.

"गुलाम, आता बायको बैल पाडीन अन तू भाकरी थापशीन का बे?" कडूबाने विचारले.

"भाकरीचं मंग पाहू, कडूबाभाऊ," चांदबी म्हणाली. "तुमचा बैल आना पह्यले. मोठा आना."

कडूबाने खरोखरच मोठा, तांबडा, शिंगे उगारणारा बैल आणला. गुलाम त्याच्या खांद्याकडे बघत उभा राहिला. "थांब," तो हळू म्हणाला. "थांब." बैलाने भार उजवीकडे टाकला. "आता."

दोघांनी दोर खेचला. बैल बसला आणि धुरळ्यात अलगद कुशीवर गेला. गुलामने पाय बांधले, खूर तासले आणि एकेक खिळा सरळ आत घातला. काळीज आपल्या वाकड्या चालीने चालत होते. हात मात्र डगमगला नाही. बैल उठून चालू लागला, तेव्हा कडूबाने त्याच्या चारही पायांकडे नीट पाहून घेतले आणि मान हलवली.

"पुढचा आना," गुलाम रसूल म्हणाला. त्या दिवशी बाजार उठेपर्यंत तो आपल्या पायांवर उभा होता, आणि घरीही तो चालतच गेला.

प्रांताच्या नावात वऱ्हाडचे नाव होते तोवर, म्हणजे १९५० पर्यंत, तो नाल ठोकत राहिला, याबद्दल दुमत नाही. चांदबीने दोर वर्षानुवर्षे धरला असे घरचे सांगतात. एक-दोन बाजारच धरला असे बाजारातले म्हणतात. यातले खरे काय, हे ठरवता आलेले नाही. त्या डॉक्टरांचे नाव काय होते आणि नागपूरहून गोळ्या कोणी पाठवल्या, हेही अजून माहीत नाही.