शेवगावची चेटकीण आणि तिचे वाचक

शेवगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या जयमाला साळवेचा आवाज अख्ख्या तालुक्याला ठाऊक होता, चेहरा मात्र फार थोड्यांना. मुंबईचा ट्रंक कॉल लावून मागणारे व्यापारी तिला "ताई, जरा लवकर बघा" म्हणत. पण हीच ताई घरी गेल्यावर चेटकिणीच्या गोष्टी लिहिते, याचा त्यांच्यापैकी कुणालाही पत्ता नव्हता. पुस्तकावर 'ज. कों. साळवे' एवढंच छापलेलं असे, आणि वाचणारे खुशाल समजत की हे कुणी पुण्याचे गृहस्थ असावेत.

तिच्या चेटकिणीचं नाव रेवती. ही रेवती पुण्यात नाना पेठेतल्या एका इमारतीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि एका मोठ्या कचेरीत फोनच्या बोर्डावर काम करायची. कुणी फोनवर खोटं बोललं की तिच्यासमोरचा दिवा निळा व्हायचा. शेवटच्या बसमध्ये तिला मेलेली माणसंही भेटायची, आणि ती त्यांचं अडलेलं एखादं काम करून द्यायची. नगरच्या एका छोट्या प्रकाशकानं अशी तीन बारकी पुस्तकं काढली होती. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांत ती हातोहात फिरत होती.

या गोष्टी चेटकिणीच्या आहेत, हे जयमालानं घरातही उघड केलं नव्हतं. घरात ती आणि तिची मावशी भामाबाई, दोघीच. आईबाप लहानपणीच गेले, आणि मावशीनं तिला वाढवलं. मावशीचं गाव तिकडं पूर्वेच्या कोरड्या रानातलं. जयमाला आठ वर्षांची असताना त्या गावात गोवराची साथ आली. मावशी पोरांना पाला उकळून द्यायची, म्हणून आधी तिला बोलावणं यायचं. दोन पोरं दगावली, आणि बोलावणारीच माणसं म्हणू लागली, ही चेटकीण हाय. एके सकाळी दारावर दगड पडले. मावशीनं जयमालाचा हात धरला आणि जी पहिली एसटी मिळाली तिनं शेवगाव गाठलं. मग वसतिगृहात पोरांचा स्वयंपाक करून तिनं भाचीला मॅट्रिक केलं. त्या दिवसापासून 'चेटकीण' हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही.

आणि जयमाला लिहायला बसली तर लेखणीतून नेमका तोच शब्द आला. त्या शब्दाला पगाराची नोकरी द्यावी, स्वतःची कुलुपाची खोली द्यावी, असं तिला फार वाटे. मावशीला वाचता येत नव्हतं. "काय लिव्हलंय गं?" असं तिनं विचारलं की जयमाला म्हणे, "अशाच गोष्टी गं." मावशी ती पुस्तकं फडक्यात गुंडाळून बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवी. ते पाहून जयमाला दर वेळी काही काम काढून तिथून उठे.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सार्वजनिक वाचनालयाच्या मच्छिंद्र ग्रंथपालांनी प्रकाशकाकडून लेखकाचा पत्ता काढला. पत्ता निघाला आपल्याच गल्लीपलीकडचा! त्यांना आनंद आवरेना. "ताई, रविवारी वाचक जमवतो. रेवतीवर मोकळेपणानं बोलू द्या लोकांना," ते म्हणाले. जयमाला नको नको म्हणत होकार देऊन बसली. मावशीला तिनं सांगितलं, ऑफिसची मीटिंग आहे.

रविवारी वाचनालयाची खोली भरली. पहिला उठला तो गोरक्ष, कांद्याचा टेम्पो चालवणारा. म्हणाला, "पहिला भाग झकास. दुसरा जरा रेंगाळला. तिसऱ्यात त्या बसमधल्या म्हाताऱ्यानं मला रडवलं. घोडेगावच्या पुढं रस्त्यात टेम्पो उभा करून वाचला मी." लोक हसले. जयमालाच्याच गल्लीतली, कॉलेजात जाणारी वृषाली म्हणाली, "रेवतीचं लग्न लावू नका. सगळ्या कादंबऱ्यांत शेवटी लग्नच होतं." त्यावर मागून एक बाई ठसक्यात म्हणाली, "पण एकटीनं किती दिवस राहायचं तिनं?" त्यावरून बरीच जुंपली. जयमाला ऐकत होती आणि तिला नवल वाटत होतं. ही माणसं रेवतीबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलत होती.

तेवढ्यात दारातून भामाबाई आत आली. धुतलेलं पांढरं लुगडं, हातात पिशवी. जयमाला खुर्चीतून अर्धवट उठली. मच्छिंद्रभाऊ हौसेनं पुढं झाले, "या मावशी, या! बाजारात भेटलात तेव्हा तुम्हाला बोलावलं ते बरं झालं."

नेमके त्याच वेळी पुंजाराम गुरुजी उभे राहिले. माणूस सरळ, पण तापट. "मला ही पुस्तकं पटत नाहीत," ते म्हणाले. "खेड्यापाड्यांत अजून बायकांना चेटकीण म्हणून दगड मारतात. आपण अंधश्रद्धेशी लढायचं, की चेटकिणीला नायिका करायचं?"

जयमालाची नजर मावशीकडं गेली आणि जमिनीकडं वळली.

"गुरुजी, मी बोलू का?" भामाबाई जागेवरूनच म्हणाली. "ज्यांनी मला दगड मारले, त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं."

भामाबाईनं पिशवी खाली ठेवली.

"मला चेटकीण म्हणले. मला काय बी येत नव्हतं, पाला उकळायला येत हुता. हिच्या रेवतीला सारं येतं, तरी ती कुणाचं वाकडं करत न्हाई. उलट खोटं बोलणाऱ्यालाच तिचं भ्या वाटतं. मला ऐकून लई बरं वाटलं. त्या शब्दाचं भ्या गेलं माझं."

"तुम्ही ऐकलंत?" जयमालाच्या तोंडून निघालं. भर सभेत ती मावशीला 'तुम्ही' म्हणून गेली.

"ही वृषाली वाचून दावती की दुपारची. तू ड्युटीवर असती तवा." वृषालीनं जीभ चावली. मावशी पुढं म्हणाली, "येक मात्र चुकलंय. तिसऱ्या पुस्तकात ती खानावळीची भाकरी खाती. येवढी विद्या, आन भाकरी थापता येईना?"

हशाचा असा फवारा उडाला की गुरुजीही हसले. "तुमचं म्हणणं मी घरी नेतो, आई," ते म्हणाले. "पण लेखिकाबाई, प्रस्तावनेत दोन शब्द तरी लिहा, की चेटूक खरं नसतं."

"लिहीन गुरुजी," जयमाला म्हणाली. तिचं मन कापसासारखं हलकं झालं होतं.

परतताना दोघी भाजीबाजाराच्या कडेनं चालल्या.

"मला का नाही सांगितलंस?" जयमालानं विचारलं.

"तू सांगत न्हवतीस, मग मी कशापायी इचारू? म्हणलं, पोरगी माझ्यापायी गप हाय. राहू दे."

"तुला राग नाही आला?"

"पयल्या दिशी आला. जेवले न्हाई मी. मग वृषालीला म्हणलं, म्होरं वाच. त्या निळ्या दिव्याचं आलं, आन हसू फुटलं मला." मावशी थांबली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "रेवतीला तिच्या गावाला कवा न्हेणार?"

जयमालाला हे अपेक्षित नव्हतं. तीन पुस्तकांत तिनं रेवतीला गावाच्या वाटेवरसुद्धा पाठवलं नव्हतं. "न्यावं म्हणतेस?"

"न्हे की. कुनाशी भांडायला नगं. नुसती जाऊन येऊ दे. पाणी पिऊ दे आडाचं." आणि जरा विचार करून, "पर एसटीनं न्हे. उडत बिडत नगं."

जयमाला रस्त्यातच हसत सुटली. हसता हसता डोळे भरून आले, म्हणून ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मावशी शेजारी टेकली आणि पिशवीतून पेरू काढून पुसू लागली.