चुडा उतरण्याआधी

नागपूरच्या डॉक्टरनं बाची फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "घरी न्या. जे खावंसं वाटेल ते खाऊ घाला." जबड्याला एवढी गाठ, की पाण्याचा घोट उतरत नव्हता. खाऊ काय घालणार, डोंबल! जन्मभर त्या माणसानं गालात तंबाखूचा खर्रा ठेवला, आता खर्ऱ्यानं त्याचा गाल खाल्ला. बाहेर येऊन मी जिन्यावर रडले, तोंड धुतलं आणि एसटीत जाऊन बसले.

आईला आम्ही याडी म्हणतो. याडी खिडकीशी होती, मध्ये बा, तोंडाला दुपट्टा गुंडाळून झोपलेला. तिनं विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"गाठ हाय. औषधानं बसते म्हणे."

तिनं मान हलवली. पुन्हा काही विचारलं नाही. (घरात आम्ही गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून इथं सगळ्यांना वऱ्हाडी बोलायला लावते आहे.)

त्याच एसटीत, यवतमाळ ओलांडल्यावर, माझ्या डोक्यात ते शिरलं आणि मग निघेचना. आमच्या तांड्यात लग्न झालेल्या बाईच्या कानांपाशी केसांत चांदीची घुगरी गुंफतात आणि कोपराच्या वर पांढरा चुडा चढवतात. नवरा गेला की दोन्ही उतरतं. पण उतरवण्याआधी एकदा तिला नवरीसारखी पुरी नटवतात, आरशांचा फेटिया म्हणजे घागरा, कांचळी, ओढणी, सगळं घालतात, आणि त्याच्या उशाशी बसवतात. मग बायका रडत रडत एकेक वस्तू काढून घेतात. ते पुन्हा अंगावर चढत नाही. याडीनं रोजचं लुगडं कधीचंच धरलं होतं, ते सगळं पेटीत होतं, पण दिवाळीला ती पेटी उघडायची आणि घरात दुसरीच बाई फिरायची. त्या बाईचा माझ्याकडे एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरची याडी तर पोलीस ठाण्यातून सुटून आल्यासारखी दिसते.

आणि मी कोण? फोटो काढणारी! तांड्यात सगळे हसायचे, "पोट्टी शिकली-सवरली आन् लोकायचे थोबाडं काढत फिरते." फुलसावंगीत एका चाचाचा स्टुडिओ आहे, तिथं मी पासपोर्ट फोटो काढायचे आणि लग्नात त्यांच्यामागे लाईट धरायचे. जुना कॅमेरा त्यांनीच दिला होता. लग्नाच्या अल्बमात सगळ्या वऱ्हाडाला भुरकं गोरं करून टाकणारा माणूस, पण शिकवायला बसला की मायचा लाल कोणाला सोडायचा नाही.

त्या दिवसांत मी पानगळीचे फोटो काढायचा सपाटा लावला होता. मोबाईलवर शिकवणारे परदेशी मास्तर दसऱ्याच्या सुमाराला पानगळ दाखवतात, लाल-पिवळी, नुसती जत्रा. आमच्याकडे तेव्हा साग हिरवागार असतो. आमची पानगळ येते माघ-फाल्गुनात, मातकट, आणि पान एवढं मोठं की पडताना खडखड वाजतं. मी रोज पहाटे तांड्यामागच्या टेकडीवर जाऊन शंभर शंभर फोटो काढून आणायचे. चाचांनी ते पाहिले आणि चष्मा वर सरकवला.

"ये क्या है? पत्ते, पत्ते, पत्ते. देखूँ किधर?"

"जंगल आहे ना चाचा."

"जंगल का भी मुँह होता है, बेटी. पहले आदमी का मुँह निकालना सीख. और उजाला बाजू से ले, सर पे मत डाल."

मी घरी आले आणि ठरवलं, शिकायचं तर याडीवर. बा असेतोवर.

पण सांगणार कशी? सणवार नाही, लग्न नाही, आणि नवरा खाटेवर. अशा दिवशी "पेटी उघड, नटून बस" म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर सांगणं की तुझा नवरा मरतोय. तेच तर मी लपवलं होतं. आपणच विणलेल्या जाळ्यात आपलाच पाय.

मग मी लबाडी केली. कोर्स आहे, चेहरे काढायचे आहेत, असं सांगून तांड्यातल्या म्हाताऱ्या एकेक करून घरी आणल्या. ज्यांच्याकडे कपडे होते त्यांनी घातले. त्यांना नटवायला कोण? याडीच! कांचळीच्या नाड्या बांधायची, घुगरी सरळ करायची, वर मला हुकूम सोडायची, "तिचा डावा डोया बारीक हाय, तिकडून नको काढू." मी दारात बसवून काढायचे, बाजूनं उजेड घेऊन. शेजारची काकी लेन्स दिसली की घशात हाडूक अडकल्यासारखी बसायची. फोटो सुधारत गेले. डोळे नेमके धरता यायला लागले, सुरकुती दिसायला लागली. चाचा म्हणाले, "अब कुछ बात है." माझा जीव मात्र त्यात नव्हता.

"आता तू बस ना याडी."

"बसीन. तुह्या बाले बरं वाटू दे. दिवाळीले घालीन, मंग काढ किती काढाचे थे."

दिवाळीले! बा तोवर चमच्यानं पाणीही घेईना. अंगणात खाट टाकली की दुपट्ट्यातून डोळे तेवढे टेकडीकडे लावून पडायचा. दारापुढचा साग रिकामा होत चालला तसा आमच्या दारात उजेड वाढत गेला. आधी फांद्यांमागून यायचा, मग थेट. रोज सकाळी उजेड आदल्या दिवसाहून चांगला आणि बा आदल्या दिवसाहून वाईट. तो उजेड पाहून मला ओरडावंसं वाटायचं.

एका सकाळी ओरडलेच. ती पुन्हा म्हणाली, "दिवाळीले," आणि माझा तोल सुटला.

"दिवाळी, दिवाळी काय लावलं वं! दिवाळीपर्यंत का बा..."

पुढचं गिळलं. चुलीवर पाणी उकळत होतं. याडी माझ्याकडे वळली.

"बोल ना. थांबली काहून?"

तेवढ्यात आतून टकटक आली. बाला बोलता येत नव्हतं, काही लागलं की तो खाटेच्या पाटीवर नख वाजवायचा. आम्ही दोघी आत धावलो. त्यानं सगळं ऐकलं होतं. हात खाली सोडून तो खाटेखालच्या पेटीकडे बोट दाखवत होता.

"तुमाले बी पाह्याचं हाय काय?" याडीनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

ती पेटीपाशी जमिनीवर बसली. मग कमरेची किल्ली सोडली. पेटी उघडता उघडता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले त्याच दिवशी मालूम झालतं, एसटीत. तू खोटं बोलते तवा नाक खाजवते."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुले वाटत होतं मले मालूम नाही. तेवढ्यावर तू उभी होती." मग फेटिया झटकत म्हणाली, "आन् मी बी."

तिला मी नटवलं. घुगरीची साखळी माझ्या हातून तीनदा सुटली. "कॅमेरा धरणारे हात हायत का थे?" ती म्हणाली, आणि स्वतःच गुंफली. चुडा चढताना दंडाची कातडी मागे सरकली, दंड वाळला होता. बाची खाट मी दारालगत ओढून घेतली आणि तिला उंबऱ्यावर बसवलं. उजेड अगदी हवा तसा, बाजूनं.

आणि याडी बसली आधार कार्डासारखी! मान ताठ, ओठ घट्ट, डोळ्यांत काही नाही. मी काढत गेले, काढत गेले, प्रत्येक फोटोत नुसते कपडे. आरसे चमकतात, चांदी चमकते, बाई नाहीच. इतके दिवस म्हाताऱ्यांचे चेहरे घासून काय शिकले मी? मी सांगत सुटले. इकडं पाहा, तिकडं पाहा, जरा हास ना, माये! हास म्हटल्यावर ती जशी हसली, ते पाहून मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात काकी ताक न्यायला गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली. तिनं अंगणातून पाहिलं. सण नाही, वार नाही, याडी घुगरी-चुडा घालून उंबऱ्यात, मागं बा खाटेवर, दुपट्टा तोंडावर. आमच्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. तिच्या हातून गंज पडला आणि तिनं जो हंबरडा फोडला, तो पार तांड्याच्या टोकाला गेला.

"नाही वं काकी, थांब..." मी म्हणेपर्यंत बायका धावत आल्या, ऊर बडवत, एकमेकींच्या गळ्यात पडत. कोणाला काही सांगायची सोय नाही. बाचे गुण गाऊन रडणं सुरू झालं. कसा सोन्यासारखा माणूस होता, कसा बैल पारखायचा. एकीनं तर याडीचा दंड धरला, चुडा उतरवायला!

आणि याडी उठली.

"सोड! हात सोड, सटवे! जिता हाय माहा नवरा! जित्या माणसाले रडता? चुली इझल्या का तुमच्या, कामं नाहीत घरी? जिता हाय तो, जिता!"

रडं गपकन थांबलं. त्या शांततेत खाटेवरून एक आवाज आला, घोगरा, घरघर लागल्यासारखा. मी घाबरले. पण बा हसत होता. दुपट्टा घसरलेला, तो फुगलेला, वाकडा झालेला जबडा उघडा पडलेला, जो त्यानं महिनोन्महिने कोणाला दिसू दिला नव्हता, आणि त्यातून तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईतो. याडी गर्रकन वळली. "तुमाले हासू येते?" असं म्हणत तिनं त्याच्या खांद्याला धरून हलवलं, आणि तीही फुटली. हसणं की रडणं, मला आजही सांगता येत नाही. घुगऱ्या झुलत होत्या.

मी बटण दाबलं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबण्याआधी ती त्याच्या छातीवर वाकली होती आणि चेहरा दिसत नव्हता.

बा त्यानंतर थोडेच दिवस राहिला. तो गेला त्या सकाळी याडीला पुन्हा तसंच नटवलं. काकीच होती पुढं. या वेळी कोणाचं चुकलं नव्हतं. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. शोधायला लागले तर काय? सगळा तांडा माझ्याकडे, सगळी टेकडी माझ्याकडे, आणि आजारात तोंड लपवणाऱ्या बाचा धड एकटा फोटो नाही. होता तो एकच, दोघांचा. आणि जितं माणूस असलेल्या फोटोला आमच्यात हार घालत नाहीत.

याडीनं मोबाईलवर तो फोटो पाहिला. पहिल्यांदाच.

"चांगला आला," ती म्हणाली. "मले काप त्यातून."

"नाही कापत जा!"

"काप म्हणतो ना. हे बाई आता कुठी हाय? गेली थे त्याच्यासंग."

मी भांडले, रडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. शेवटी तेरवीच्या आदल्या दिवशी फुलसावंगीला गेले. चाचांनी फोटो मोठा करून पडद्यावर लावला. एरवी चेहरा दिसला की हात आपोआप गोरा करायच्या बटणावर जाणारा माणूस, त्यानं काहीच गोरं केलं नाही. मग हळू विचारलं, "कहाँ से काटूँ?"

याडीचा चेहरा गेला, घुगऱ्या गेल्या, चुडा गेला. राहिला हसणारा बा आणि त्याच्या खांद्यात रुतलेली चार बोटं. "इसको शर्ट के रंग में मिला दूँ?" चाचा म्हणाले. मी नाही म्हटलं.

तेरवीच्या सकाळी याडीनं हार हातात घेतला आणि फोटोपाशी आली. ती बोटं तिला दिसली. तिनं आपला रिकामा दंड पदराखाली ओढून घेतला, दुसऱ्या हातानं हार घातला, आणि फुलं जिथं बोटांवर आली होती तिथून जरा बाजूला सारली.