भिमाबाईंचा फोन बदलला

धामणगाव बढ्याच्या भिमाबाईंना वाचता येत नव्हतं, पण फोन त्यांच्या अंगठ्याला पाठ होता. चिखलीला दिलेल्या लेकीनं, काजलनं, पडद्यावर नातेवाइकांचे मोठाले चौकोनी फोटो लावून दिले होते. डावीकडं सगळ्यात वर काजल. मळ्यात मेथी खुडता खुडता भिमाबाई न बघताच तिथं अंगठा टेकवायच्या आणि बोलायला लागायच्या. काजल कामात असायची, ती नुसती "हं, हं" करायची. दोघींचं छान चाललं होतं.

एका सकाळी फोन आपल्या मनानं बंद झाला आणि उघडला तो नवं रूप घेऊन. फोटो गोल झाले, हरभऱ्याएवढे झाले, जागाही बदलल्या. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की आता फोन वापरणं आणखी सोपं झालं आहे. वाचता येत नसल्यामुळे भिमाबाईंना ते पटलं नाही.

"म्या सांगतलं होतं का याले बदल म्हणून?" त्यांनी शेजारच्या निवृत्तीला विचारलं.

त्यानं फोन उलटसुलट करून पाहिला. "आता असंच राहीन काकू," म्हणाला आणि परत दिला.

अंगठ्याला हे कुणी कळवलं नव्हतं. दुपारी तो सवयीनं वर गेला. तिथं आता गीताबाई होत्या, भिमाबाईंच्या धाकट्या जाऊ. घर दोन गल्ल्यांवर, पण त्यांच्या मुलाच्या, गणेशच्या लग्नापासून बोलणं बंद.

विहिरीवरची मोटर घरघरत होती. तिकडून "हं" आलं आणि भिमाबाई सुटल्या. "आज तुही काकू दिसली व काजल. मान फिरवून गेली. गणेशच्या लग्नात साऱ्या भावकीले फोटोले बोलावलं, मलेच तेवढं नाही. आन् साडी कशी नेसली होती, पोतं बांधल्यावानी!"

"हं."

"लाडू मात्र माह्याकडून वळून घेतले."

"झालं का जाऊबाई? ती साडी माह्या मायनं देली होती."

भिमाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. फोन ठेवावा, तर ठेवायचं लाल बटण नव्या रूपात कुठं गेलं कोण जाणे. ऐकणं भाग होतं.

"म्या हाका मारून दमली. तुमी वरणाच्या गंजापाशी आचाऱ्याशी भांडू राह्यल्या होत्या."

"मंग येऊन हात काऊन नाही धरला?"

"नवरदेवाच्या मायनं मांडव सोडून यावं काय?"

मोटर बंद झाली तरी भांडण चालूच होतं. उरलेलं पुरं करायला दुसऱ्या दिवशी गीताबाईंनीच फोन केला. भांडण संपलं तेव्हा गीताबाईंच्या नव्या सुनेच्या स्वयंपाकाचा विषय निघाला, आणि तो काही लवकर संपणारा नव्हता.

दिवाळीला काजल माहेरी आली. आईचे हाल नकोत म्हणून तिनं आल्या आल्या खटपट करून जुने चौकोनी फोटो जिथल्या तिथं बसवले. संध्याकाळी भिमाबाईंनी फोन लावला, तर चुलीपाशी काजलचाच वाजला.

"काऊन बदललं व?"

"आई, तूच बोंबलत होती ना, जुनं पाह्यजे म्हणून!"

"तवा पाह्यजे होतं. आता नवं हाताले बसलं."

काजलनं कपाळावर हात मारला आणि नवं रूप परत आणलं. तेवढ्यात फोननंच विचारलं, बदल कसा वाटला? खाली पाच चांदण्या होत्या. काजलनं वाचून दाखवलं.

"आण इकडं. मत माहं हाये," म्हणत भिमाबाईंनी जवळ होती ती पहिली चांदणी दाबली. एकच पिवळी झाली. फोननं आभार मानले.

"खुश झाला ना?" भिमाबाईंनी विचारलं आणि गीताबाईंना फोन लावला.